गोळी चालू, मुक्काम कुठे?

या महिन्याच्या टपालात गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन), ट्रॅमॅडॉलच्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्यावरची पत्रं जास्त आली. त्यात अमेरिकेतलीही आहेत. गावं वेगळी असली तरी बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलंय: व्यसनमुक्ती सेंटरमधून बाहेर पडलेला माणूस राहणार कुठे, आणि तिथे त्याला त्याची गोळी घेऊ देतील का? पत्रलेखकांची नावं गाळली आहेत. डोसचे आकडे समजून घेण्यापुरते आहेत, प्रत्यक्ष डोस तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

मुलगा २४ वर्षांचा आहे, ब्राउन शुगर ओढायचा. दोनदा तीन-तीन महिने सेंटरला राहिला, दोन्ही वेळा घरी आल्यावर महिन्याभरात स्लिप (पुन्हा नशा). आता डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोनची गोळी सुरू केली आहे. माझे दीर म्हणतात, एक नशा सोडून दुसरी धरली. घरात रोज यावरून वाद आहेत. — एक आई, कल्याण

दिरांची शंका अगदीच हवेतली नाही. ही गोळीसुद्धा ओपिऑइडच (अफूच्या जातीचं औषध) आहे आणि एकदम बंद केली तर टर्की (नशा तुटल्यावरचा शारीरिक त्रास) येते. पण तुलना तिथेच संपते. गर्द मेंदूतल्या ज्या ठिकाणी जाऊन बसतं तिथेच ब्युप्रेनॉर्फिन बसतं, मात्र त्याचा जोर अर्धवट असतो आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही. म्हणून एकट्या या गोळीने श्वास बंद पडण्याचा धोका गर्दच्या मानाने बराच कमी. शिवाय तिचा अंमल दिवसभर टिकतो. गर्दचा अंमल चार-सहा तासांत उतरतो, की पुन्हा पैसे, पुन्हा पन्नी (ज्यावर गर्द तापवून ओढतात तो कागद). दिवसातून चार वेळा टर्कीच्या मागे धावणारा मुलगा एकदा गोळी घेऊन कामावर जाऊ शकतो, हा साधा फरक दिरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन (याच कामाचं दुसरं औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती उगाच नाही. या औषधांवर टिकलेल्या पेशंटांमध्ये मृत्यूचं प्रमाण उपचार नसलेल्यांच्या साधारण निम्म्यावर येतं.

आणि तीन महिन्यांच्या सेंटरबद्दल एक गोष्ट, जी निरोप देताना फार कमी ठिकाणी सांगितली जाते. तिथे शरीराची गर्द सोसायची ताकद उतरते, पण ओढ उतरत नाही. बाहेर आल्यावर मुलगा जुन्याच मापाने ओढतो आणि तेच माप आता जीवघेणं ठरतं. सेंटर, तुरुंग किंवा हॉस्पिटल सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. गोळी चालू असेल तर हा खड्डा बराच भरून निघतो.

आता गोळी घेण्याची रीत, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. ती जिभेखाली विरघळवायची, गिळायची नाही. गिळली तर यकृतच बरंचसं औषध निकामी करतं आणि मुलगा संध्याकाळी म्हणतो, ‘गोळी लागत नाही.’ आधी तंबाखू, गुटखा थुंकून चूळ भरायची. तोंड कोरडं असेल तर एक घोट पाणी. २ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या असतील तर दोन-दोन करून ठेवायच्या. पाच ते दहा मिनिटं बोलणं, चहा, बिडी काही नाही. पूर्ण विरघळल्यावर घोटभर पाणी तोंडात हळूच फिरवून ते पाणी गिळायचं आणि तासाभराने ब्रश करायचा. ही गोळी आम्लधर्मी असते, वर्षानुवर्षं दातांवर राहिली तर दात किडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तसा इशाराच दिला.

गोळ्या कुलपात ठेवा, रोजची तुमच्या हाताने द्या, आठवड्याला मोजा. घरात लहान मूल असेल तर कुलूप जास्तच महत्त्वाचं, कारण एखादी गोळीसुद्धा तान्ह्याचा जीव घेऊ शकते. दारू आणि झोपेच्या गोळ्यांशी (अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम) ही जोडी घातक आहे. बद्धकोष्ठ आणि घाम या नेहमीच्या तक्रारी; इसबगोल, पाणी, चालणं याने भागतं.

तरीही दुपारनंतर अंग दुखतं, जांभया येतात, नाक वाहतं? मग डोस कमी पडत असेल. २ किंवा ४ मिलिग्रॅमवर महिनोन् महिने अडकवून ठेवलेले पेशंट पुष्कळ दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस टिकाऊ उपचारासाठी सरासरी किमान ८ मिलिग्रॅमची आहे. ‘वाढवू का?’ असं डॉक्टरांना विचारणं म्हणजे नशा मागणं नव्हे.

भावाला पहिली गोळी दिली आणि अर्ध्या तासात तो गडाबडा लोळायला लागला, उलट्या, जुलाब. गोळीची ॲलर्जी आहे का? — नाशिक

ॲलर्जी नव्हे, घाई. ब्युप्रेनॉर्फिनची पकड गर्दपेक्षा घट्ट असते. अंगात गर्द असताना ते दिलं तर ते गर्दला ढकलून देतं, पण त्याच्याइतका जोर स्वतः लावत नाही. वर असलेला माणूस एका फटक्यात खाली येतो. दोन दिवसांत हळूहळू येणारी टर्की अर्ध्या-एक तासात येते.

म्हणून पहिली गोळी घड्याळ आणि अंग दोन्ही बघून द्यायची. ब्राउन शुगर शेवटची ओढल्यापासून किमान १२ तास, मेथाडोनसारखं लांब टिकणारं काही असेल तर २४ ते ४८ तास किंवा त्याहूनही जास्त. घड्याळापेक्षा अंग खरं: बाहुल्या मोठ्या, अंगावर काटा, डोळ्यांतून पाणी, जांभया, पोटात मुरडा. डॉक्टर यासाठी ११ लक्षणांची, ४८ गुणांची ‘कॉव्ज’ फूटपट्टी वापरतात आणि साधारण ८ ते १२ गुण झाल्याशिवाय सुरुवात करत नाहीत. नुसतं ‘अस्वस्थ वाटतंय’ यावर नाही, कारण ती भीतीही असू शकते. पहिला डोस २ ते ४ मिलिग्रॅम, तास-दोन तास बघून पुढचा. पेशंट शेवटच्या पन्नीची वेळ खोटी सांगतो, हे गृहीत धरूनच चाला. न रागावता विचारलं तर खरं सांगण्याची शक्यता वाढते.

झालं ते झालं. असं पुन्हा घडलं तर डॉक्टरांना लगेच फोन करा. पुष्कळदा उत्तर ‘गोळी बंद’ नसून ‘अजून गोळी’ असतं, सोबत उलटीचं औषध, टर्कीचा त्रास कमी करणारं क्लोनिडिन आणि ओआरएस. त्रास काही तासांत, फार तर दिवसाभरात उतरतो. त्यावर उतारा म्हणून गर्द ओढायचं नाही. भावाच्या मनात ‘ती गोळी विष आहे’ असं बसलं असेल, तर पुढची गोळी ओपीडीत बसवून द्यायला सांगा.

आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. मुलगा २२ वर्षांचा, फेंटानिलमधून (हेरॉइनहून कितीतरी जोरकस ओपिऑइड) वाचला. रिहॅबनंतर सोबर लिव्हिंग होम (नशा सोडलेल्यांनी एकत्र राहायचं घर) सुचवलं आहे. एक घर म्हणतं, सबॉक्सोन (ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोन) बंद केलं तरच घेऊ. दुसरं घर भाडं माफ करतं आणि फ्लोरिडाचं विमानाचं तिकीटही देतं. आम्हाला या घरांमधलं काहीच कळत नाही. — आई-बाबा

आधी दुसऱ्या घराचं, कारण ते सोपं आहे: जाऊ नका. अशा घरांचं भाडं सहसा आरोग्य विमा भरत नाही. मग फुकट ठेवणाऱ्याचे पैसे येतात कुठून? तुमच्या विम्यावर मुलाला एखाद्या क्लिनिकला जोडून द्यायचं, तिथे आठवड्याला अनेक महागड्या युरिन टेस्ट लावायच्या आणि क्लिनिककडून दलाली घ्यायची. २६ वर्षांपर्यंत मूल पालकांच्या विम्यात राहतं, त्यामुळे या वयाची मुलं त्यांना सोन्याच्या कोंबड्या वाटतात. विमा आटला की मुलगा रस्त्यावर. पुन्हा स्लिप झाली की पुन्हा नवं गिऱ्हाईक. फ्लोरिडात हे इतकं चाललं की त्याला ‘फ्लोरिडा शफल’ असं नावच पडलं, आणि २०१८ मध्ये केंद्रीय कायद्याने अशी दलाली गुन्हा ठरवली गेली.

आता घरांचे प्रकार. नॅशनल अलायन्स फॉर रिकव्हरी रेसिडेन्सेस ही संस्था चार पातळ्या मानते: रहिवाशांनीच चालवलेलं घर, पगारी हाउस मॅनेजर असलेलं घर, देखरेख आणि कौन्सेलिंग असलेलं घर, आणि उपचार घरातच मिळतात असं घर. रिहॅबमधून थेट येणाऱ्या, फेंटानिलचा इतिहास असलेल्या २२ वर्षांच्या मुलाला आमच्या मते दुसरी किंवा तिसरी पातळी बरी. पहिल्या पातळीचं ठळक उदाहरण ऑक्सफर्ड हाउस. १९७५ मध्ये मेरीलँडच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये पहिलं घर सुरू झालं, आज तीन हजारांहून जास्त आहेत. पगारी माणूस कोणी नाही, भाडं आणि वीजबिल सगळे वाटून भरतात, नव्याला घ्यायचं तर ८० टक्के मतं लागतात, मुदत नाही, पण नशा केली की त्याच दिवशी बाहेर. स्थिरावलेल्या, नोकरी असलेल्या माणसाला ही घरं छान मानवतात. पहिल्याच महिन्यात मात्र ‘त्याच दिवशी बाहेर’ हा नियम जड जाऊ शकतो.

पहिलं घर, ज्याला सबॉक्सोन नको आहे. अमेरिकेत औषधाला विरोध करणारी घरं अजूनही आहेत, ‘क्लीन म्हणजे काहीच नाही’ ही जुनी समजूत त्यामागे आहे. फेंटानिलमधून वाचलेल्या मुलाची गोळी घरासाठी बंद करणं म्हणजे छपरासाठी पाया काढणं. कायदाही तुमच्या बाजूने आहे: व्यसनातून बाहेर येणाऱ्यांना फेअर हाउसिंग ॲक्टचं (घर देताना भेदभावाला बंदी करणारा कायदा) संरक्षण आहे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घेणं म्हणजे बेकायदा नशा नाही, हे न्याय खात्याने एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शनात अपंगत्व कायद्याखाली स्पष्ट केलं आहे. लेखी विनंती करा, डॉक्टरांचं पत्र जोडा. पण भांडून मिळवलेल्या जागेत मुलाला रोज टोमणे ऐकावे लागणार असतील, तर तक्रार करा आणि मुलाला मात्र दुसरीकडे ठेवा.

फोनवर विचारायचे प्रश्न: गोळ्या कोण ठेवतं? (प्रत्येकाची स्वतंत्र कुलूपपेटी आणि मोजणी असावी.) घरातले आणखी कोणी ही गोळी घेतात की तुमचा एकटाच? मेथाडोन घेणाऱ्याला पहाटे क्लिनिकला जायचं असेल तर कर्फ्यूत सूट आहे का? युरिन टेस्टचं बिल कोणाच्या नावाने जातं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्लिप झाली तर रात्री दोन वाजता बाहेर काढता की डिटॉक्सची जागा शोधून, गाडीने पोचवून मगच? शेवटच्या प्रश्नाला गडबडलेलं उत्तर आलं तर फोन ठेवा. अनामत, भाडं आणि काढण्याचे नियम लेखी घ्या. घरात नालोक्सोनचा (ओव्हरडोस उतरवणारा) स्प्रे कुठे टांगलाय हे प्रत्यक्ष जाऊन बघा.

सबॉक्सोन लिहून द्यायला आधी डॉक्टरला वेगळी परवानगी लागायची, ती अट डिसेंबर २०२२ च्या कायद्याने गेली. घराजवळचा फॅमिली डॉक्टरही आता लिहून देऊ शकतो, म्हणजे घर बदललं तरी गोळी तुटायचं कारण नाही. फक्त फेंटानिलबद्दल एक सावधगिरी: ते चरबीत साठतं आणि दिवसेंदिवस झिरपत राहतं. त्यामुळे मुलाने पुन्हा ते घेतलं आणि नंतर गोळी सुरू करायची वेळ आली, तर नाशिकच्या पत्रातला प्रकार जास्त सहज होतो. तिथले डॉक्टर कधीकधी अगदी बारीक डोसपासून काही दिवसांत चढवत नेतात.

घरात ओव्हरडोस झालाच तर नेमकं काय करायचं? — जर्सी सिटी

ओठ निळे, घोरल्यासारखा गळ्यातला आवाज, हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जाग नाही: ९११ लावा (भारतात १०८). ४ मिलिग्रॅमचा नालोक्सोन स्प्रे एका नाकपुडीत. तो २०२३ पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतो. मान मागे करून, नाक दाबून दर पाच सेकंदांना एक श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. श्वास सुरू झाल्यावर कुशीवर वळवा. नालोक्सोन साधारण ३० ते ९० मिनिटांत उतरतं आणि फेंटानिल त्याहून जास्त टिकू शकतं, म्हणून माणूस उठून ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी एकट्याला सोडू नका. थंड पाणी, मीठ, थोबाडीत मारणं यात फक्त वेळ जातो. न्यू जर्सीत २०१३ पासून मदत मागणाऱ्याला अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यापासून कायद्याचं संरक्षण आहे.

सेंटरमधून सुटल्यावर लगेच घरी आणायची भीती वाटते, त्याच गल्लीत माल मिळतो. आपल्याकडे अशी घरं आहेत का? गावाकडे मामाकडे पाठवू का? — पुणे

तुमची भीती रास्त आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ओपिऑइडच्या सर्वाधिक अडचणीतल्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि सेंटरनंतरची राहण्याची सोय मात्र मोजकी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हाफवे होम (उपचार आणि घर यांच्यामधला मुक्काम) सरकारने पुरवावं असं लिहिलंय. प्रत्यक्षात ते स्वतः शोधावं लागतं. व्यसनाचा आजार याच कायद्यात मोडतो, म्हणून सेंटरची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. पेशंटची संमती नसताना ठेवायचं तर तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासलेलं असावं लागतं आणि पहिली मुदत ३० दिवसांची. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणारे, फोनवर बोलू न देणारे, ‘सहा महिने विसरून जा’ म्हणणारे सेंटर स्वस्त असलं तरी टाळा. आणि ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणार का, हे भरती करायच्या आधी विचारा. दारात ‘आमच्याकडे फक्त योग आणि प्रार्थना’ असं ऐकलं, तर सुटल्यावरची तारीख लक्षात घ्या: तोवर ताकद उतरलेली असेल, आणि हातात गोळी नसेल.

मामाचं गाव वाईट नाही, पण आधी चौकशी करा: गोळी सगळ्या औषध दुकानांत मिळत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मिळेल का? दर १५ दिवसांनी पुण्याला यायचं भाडं आणि रजा कोण सोसणार? सुई घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची ओएसटी (नशेऐवजी ओपिऑइड औषध देणारी) केंद्रं आहेत, तिथे डोस मोफत आणि समोर देतात. म्हणजे मुक्काम केंद्राच्या पल्ल्यात हवा. जवळचं काही माहीत नसेल तर १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनला विचारा.

तिसरा मार्ग आम्हाला जास्त व्यवहार्य वाटतो: नशा सोडलेल्या दोन-तीन जणांनी मिळून वन बीएचके, वेगळ्या भागात. नियम भिंतीवर लावायचे नाहीत, कागदावर लिहून सह्या करायच्या. पगार पहिले तीन महिने कोणा वडीलधाऱ्याकडे, रोजचे ठरलेले पैसे हातात. जुन्या नंबरांचं सिम बदलायचं. आठवड्यात मदतगटाच्या दोन मीटिंगा, डॉक्टरांकडे एक फॉलोअप. युरिन किट घरात, टेस्ट न सांगता. स्लिप झाली तर काय, हे शांत असताना ठरवा: पहिल्या स्लिपला डॉक्टर त्याच दिवशी आणि रोज समोर गोळी, लपवली तर मुक्काम बदलायचा. स्लिपपेक्षा लपवण्याला शिक्षा जड ठेवली की माणूस लवकर सांगतो. विम्याचं म्हणाल तर पॉलिसीतली वगळलेल्या बाबींची यादी वाचा. व्यसनाचा उपचार बहुतेक वेळा त्यात असतो.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी किती दिवस घ्यायची? आणि महिन्याचं इंजेक्शन बरं नाही का? — कोल्हापूर

किमान वर्ष धरून चला. वरची मर्यादा नाही. ‘सण झाला की बंद करू’ असं नाही. झोप, काम, घरची नाती मार्गी लागल्यावर, पेशंटलाच वाटत असेल तर आठवड्यांच्या अंतराने थोडं थोडं उतरवायचं. शेवटचे २ मिलिग्रॅम सगळ्यात चिवट असतात, तिथे महिने लागले तरी चालतील.

महिन्याचं इंजेक्शन म्हणजे ३८० मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन. ते टर्की शमवत नाही, फक्त गर्दचा परिणाम अडवतं, आणि त्याआधी ७ ते १० दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं. बरेच जण त्या दिवसांतच गळतात. घरची राखण घट्ट असलेल्या, नोकरीच्या ठिकाणी ओपिऑइड चालणारच नाही अशा पेशंटला ते उपयोगी. इंजेक्शन चुकलं की सोसायची ताकद शून्य असते, हे घरच्यांनी लक्षात ठेवायचं. नाल्ट्रेक्सोनची रोजची ५० मिलिग्रॅमची गोळी पेशंटच्या हाती दिली तर ती लवकरच खिशातून मोरीत जाते, असा नेहमीचा अनुभव.

गोळी चालू आहे आणि अक्कलदाढ काढायची आहे. — सातारा

गोळी बंद करू नका. डेंटिस्टला आधी सांगा आणि ट्रॅमॅडॉल लिहू नका म्हणा: ब्युप्रेनॉर्फिनपुढे ते फारसं चालत नाही, वर जुनी सवय जागी होते. पोटाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० आणि सोबत पॅरासिटामॉल पुरतं. मोठं ऑपरेशन असेल तर रोजचाच डोस तीन-चार वेळांत वाटून देतात, कारण या गोळीचा वेदनेवरचा अंमल सहा-आठ तासच असतो. नाल्ट्रेक्सोनवर असणाऱ्याने मात्र ऑपरेशनआधीच डॉक्टरांशी बोलून ते थांबवायचं.

उपचाराला नेलं तर पोलीस केस होईल का? — म्हापसा

स्वतःहून उपचाराला जाणाऱ्यावर डॉक्टर केस करत नाहीत. आधीच अल्प प्रमाणात माल सापडल्याची केस असेल (हेरॉइनसाठी मर्यादा ५ ग्रॅम), तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ती सूट काढून घेता येते. ओपीडीचे सगळे कागद जपा.

दिवाळीच्या डब्यानंतर सोबर होमच्या टेस्टमध्ये मुलगा मॉर्फिन पॉझिटिव्ह. तो शपथ घेतो. — एडिसन, पुन्हा एकदा

डब्यात अनारसे होते का? खसखस अफूच्याच बोंडातली असते, आणि भरपूर खसखस लावलेले चार-पाच अनारसे खाल्ले तर मॉर्फिन दिसू शकतं. झटपट पट्टीवर कोणाला दोषी ठरवू नये. प्रयोगशाळेतली खात्रीची चाचणी मागा. फेंटानिल त्या साध्या पट्टीवर येतच नाही, त्याची वेगळी पट्टी असते, ती निगेटिव्ह असेल तर तेही मॅनेजरला दाखवा. ब्युप्रेनॉर्फिनचीही वेगळीच पट्टी: ती निगेटिव्ह आली तर मात्र गोळी कुठे जाते, हा प्रश्न विचारायला हवा. पुढच्या डब्यात चकली आणि शंकरपाळे पाठवा.